आई गाडीत, काच वर

...मजा कसली हो बेबाबाई, मजा! म्हणे, 'किरण, तुनी त् मजा शे व तठे न्यूझीलंडमा!' द्या ते भाजलेलं वांगं इकडे, सोलता सोलता सांगते तुम्हाला मजा. शनिवारी सकाळी सात वाजता... शनिवारी हं, सुट्टीच्या दिवशी, जेव्हा शहाणी माणसं गोधडीत असतात... तेव्हा मी उभी असते मैदानावर. गवतावर मीठ पसरल्यासारखं पांढरं दव गोठलेलं, माझ्या अंगात दोन स्वेटर, वर ह्यांचं जर्किन, डोक्याला मफलर, नाकाला धार. आणि माझी आठ वर्षांची पोर समोर हाफचड्डीत... आणि अनवाणी! ऐकलंत का? अनवाणी! बूट घरी आहेत हो, दोन जोड आहेत. पण तिकडची लहान पोरं रग्बी अनवाणीच खेळतात, रीतच तशी. गोऱ्यांची पोरं, डॉक्टरांची पोरं, सगळी अनवाणी. पाय लाल होतात, बधिर होतात, आणि आयाबाप शेजारी उभे राहून कॉफी पितात!

ह्या बसल्यात ना आमच्या सासूबाई, विचारा त्यांना. पहिल्या दिवशी ह्यांनी मोठ्या हौसेने, इकडे मध्यरात्र असताना, व्हिडिओ कॉल लावला, बघ म्हणे तुझी नात मैदानात. तर द्रौपदाबाईंनी नात बघितली नाही, नातीचे पाय बघितले. 'संघपाल, पोरना पायमा बूट का नहीत रे? काही अडचण शे का? मी धाडू का आठून?' दोंडाईच्याहून बूट पाठवणार होत्या! हसू नका आई, तुमचंच बरोबर होतं. मी एकटीच होते त्या अख्ख्या देशात तुमच्या बाजूने.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जीव कासावीस होतो तर खेळू कशाला द्यायचं? सांगते ना. हे तिकडे दूध पावडरच्या कारखान्यात वेल्डर. धुळ्याला आयटीआय केलं, मग सुरत, मग थेट तिकडे. गाव एवढंसं, माणसं कमी आणि गायी जास्त. पहिले सहा महिने माझी मृणाली शाळेच्या कुंपणाला पाठ लावून उभी राहायची. मी घ्यायला जाऊन बघायचे ना, रोज त्याच जागी. डबा तसाच परत. कोणी मैत्रीण नाही, काही नाही. घरी आली की बाहुलीशी अहिराणीत बोलायची, कारण बाहुलीला तरी अहिराणी समजते म्हणे.

आणि एके दिवशी आली ती चिखलाने माखून, गुडघा फुटलेला, आणि हसते आहे! सहा महिन्यांनी हसली पोर. हातात कागद. 'आई, सही कर. रग्बी.' मी विचारलं, रग्बी म्हणजे काय गं बाई? तर ह्यांनी मोबाईलवर दाखवली. अंड्याच्या आकाराचा बॉल. तो काखेत मारून पळायचं आणि पलीकडच्या रेषेपुढे जमिनीला टेकवायचा, की गुण. आणि जिच्या काखेत बॉल, तिला बाकीच्यांनी धरून आडवं पाडायचं. पाडणं हाच खेळ! आपल्याकडे पोराला कोणी पाडलं तर आई भांडायला जाते, तिकडे पाडलं की टाळ्या.

मी म्हटलं, नाही. पडली, हात मोडला तर काय करायचं? पोरीची जात आहे... आणि एवढं बोलले आणि तो कागद पुन्हा हातात घेतला. कारण हे माझ्या आबांचं वाक्य. पुढची शाळा नाल्यापलीकडे होती, आणि आबा शब्दाला शब्द हेच म्हणाले होते, म्हणून तर माझी सातवीवर शाळा थांबली. मी पेन घेतलं आणि सही केली. सही केली म्हणजे काय भीती गेली का? भीती कुठे सही बघते!

तर पहिली मॅच. मैदानाच्या कडेने चुन्याची पांढरी रेषा. आयाबापांनी तिच्या बाहेर उभं राहायचं, आत पाय टाकायचा नाही. ह्यांनी मला गाडीतच तीनदा सांगितलं, 'किरण, काही झालं तरी रेषा ओलांडायची नाही.' मी म्हटलं, अहो मी काय लहान आहे का? उभी राहिले. शिट्टी वाजली. आणि पहिल्याच मिनिटाला बॉल आला कोणाकडे? माझ्या पोरीकडे! ती पळाली, आणि मागून एक पोरगी आली... पोरगी कसली हो, चांगलं दांडगं वासरू... तिने मृणालीच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी धाडकन खाली. वर आणखी एक पडली. वर आणखी एक. वर आणखी दोन. माझी पोर कुठे आहे ते दिसेचना, नुसता एक लाल पडलेला पाय दिसतोय! आता तुम्हीच सांगा बायांनो, मी आई शे का खांब?

गेले. मला आठवतही नाही कशी गेले. एक चप्पल चिखलात राहिली. आणि मी त्या ढिगातल्या पोरी एकेक करून उपसायला लागले, जशी कांद्याची गोणी रिकामी करतात तशी. 'ऊठ! ऊठ गं! मना पोरले सोड!' सगळ्यात खाली माझी पोर. आणि ती काय म्हणाली? 'आई, बॉल माझ्याकडेच आहे!' डोळे चमकतायत, बॉल छातीशी धरलाय. अगं बाई, तू जिवंत आहेस का ते सांग आधी!

शिट्टीवाले गृहस्थ माझ्याकडे बघतायत. आणि मग ती आली, आरोहा. ही पोरींना शिकवते. माओरी बाई, तिथल्याच मातीतली. उंचीला ह्यांच्यापेक्षा वर आणि खांदे असे की आपली दोन घागरींची खेप सहज बसेल. तिने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला नवरीला मांडवात नेतात ना, तसं हळूहळू चालवत रेषेबाहेर आणून उभं केलं. ओरडली नाही हो. नुसतं 'लव्ह, यू स्टे हिअर' म्हणाली आणि चिखलातली माझी चप्पल आणून दिली. आणि जिच्या पोरीला मी दंडाला धरून उपसलं होतं, ती गोरी आई मलाच म्हणते, तुझी मुलगी काय छान पडते! छान पडते म्हणे! पडण्यातही छान?

त्यानंतर मी चार शनिवार सरळ राहिले. आई, तुमची शपथ. हात जर्किनच्या खिशात, पाय रेषेच्या बाहेर, डोळे मिटलेले. पोरगी पडली की बाकीच्या आया टाळ्या वाजवायच्या, त्या आवाजावरून मी समजायचे की पडली. हे व्हिडिओ लावायचे आणि सासूबाई इकडून, 'हाई काय शे? पोरी का भांडी राहिन्यात? सोडाव ना रे तिस्ले!' मी म्हणायचे, आई, भांडत नाहीत, खेळतायत. वरून म्हणायचे हं. आतून मीही सोडवायलाच निघालेली असायचे. तरी मी उभी! खांबासारखी उभी!

आणि मग आला आमचा नंबर.

तिकडे असं असतं, अर्धी मॅच झाली की पाच मिनिटं थांबतात, आणि एकेका शनिवारी एकेका घराने पोरींसाठी संत्री कापून आणायची. कागदच येतो घरी. आमच्या नावासमोर तारीख. हे म्हणाले, 'सहा संत्री काप, डब्यात भर, संपलं.' संपलं? दहा पोरी, कडाक्याची थंडी, उपाशीपोटी पळतायत, आणि आम्ही त्यांच्या हातावर संत्र्याची फोड ठेवणार? माझ्या घरचा नंबर, आणि फोड? तुम्ही ठेवली असती का बेबाबाई? नाही ना? बरं, थंडीचे दिवस, सकाळची वेळ, मोकळं शेतासारखं मैदान, चार माणसं जमलेली... अशा वेळी आपल्या माणसाला काय सुचतं? मला सांगा, काय सुचतं?

भरीत-पुरी!

अहो, दुसरं सुचूच शकत नाही! आपला जन्म गेला थंडीत शेतात वांगी भाजण्यात. मी आदल्या दिवशी चौदा वांगी आणली. तिकडची वांगी म्हणजे काळी, गुळगुळीत, बूट पॉलिश केल्यासारखी. आपलं हिरवं, पांढरट रेघांचं वांगं कुठून आणायचं? चालवून घेतलं. पहाटे उठले, गॅसवर पहिलं वांगं ठेवलं, तर छताला चिकटवलेलं ते धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. अख्खी गल्ली जागी. मग ह्यांनी मागच्या अंगणात गॅसची टॉर्च पेटवली, लोखंड तापवायची, डोळ्यांना वेल्डिंगचा काळा चष्मा लावला आणि चौदाच्या चौदा वांगी अशी भाजली की काय सांगू! कपाशीच्या काड्यांवरची चव नाही आली, पण साल कशी सटासट निघाली! मिरच्या मी निम्म्याच घातल्या. लहान पोरी आहेत म्हणून. निम्म्या. लसूण, शेंगदाणे, पातीचा कांदा, कोथिंबीर. शंभर पुऱ्या तळल्या. हे म्हणाले, 'किरण, मला हे बरोबर दिसत नाही.' मी म्हटलं, तुम्ही डबा उचला.

आता त्या दिवशीची मॅच महत्त्वाची, हे मला कोणी सांगितलं होतं का? आमच्या पोरींनी तोवर एकही मॅच जिंकली नव्हती. एकही नाही. आणि त्या दिवशी अर्ध्या मॅचपर्यंत आपण पुढे! दोन वेळा बॉल टेकवून आल्या पलीकडे, त्यात एकदा माझी मृणाली. नाचत नाचत आल्या सगळ्या संत्री खायला, तर मी गवतावर चादर अंथरून पंगत मांडलेली. 'बसा! बसा गं, मांडी घाला!' बसल्या बिचाऱ्या. पहिला घास घेतला, डोळे मोठे झाले, कान लाल झाले, आणि मग... सांगते तुम्हाला, तुटून पडल्या! पुरीवर पुरी! मी वाढतेय, 'घे गं, अजून एक, माझ्या हातची एक, लाजू नको!' पाच मिनिटं कुठल्या कुठे गेली. तेवढ्यात बघते तर समोरच्या टीमच्या पोरी संत्र्याच्या फोडी चोखत आपल्याकडे टक लावून उभ्या. आता ह्या जेवणार आणि त्या बघणार? त्यांनी काय घोडं मारलंय? बोलावलं त्यांनाही. पहिल्या मॅचमधलं ते वासरू पुन्हा समोरच्याच टीममध्ये, त्यालाही शेजारी बसवून वाढलं. शिट्टीवाले गृहस्थ घड्याळ दाखवायला आले, त्यांच्याही हातात पुरी दिली. माणूस दारात आला आणि उपाशी गेला, असं होतं का कधी?

पंधरा मिनिटांनी मॅच सुरू झाली. म्हणजे काय झाली हो! शिट्टीवाल्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण तिखटाने ओठच सुन्न, नुसतं फुस्स... फुस्स. एक पोरगी एका काखेत बॉल आणि एका हातात पुरी घेऊन पळतेय, आणि तिला धरायला गेलेली पुरीलाच धरतेय. आपल्या दोन पोरी पोट धरून गवतावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. मृणाली पळते, थांबते, ढेकर देते, पळते. आणि समोरच्यांनी काय करावं? तीनदा टेकवला बॉल! हरलो! आता तुम्ही म्हणाल त्यांनी पण खाल्लं होतं. खाल्लं होतं, पण आपल्यांना आधी वाढलं ना मी! आपल्या पोरींच्या पोटात चार-चार पुऱ्या, त्यांच्या वाट्याला दीड-दीड. घरचं म्हणून जास्त आग्रह केला, तिथे चुकलं.

मोठी माणसं सगळी हसत होती. आरोहाने डबा चाटूनपुसून साफ केला, भरीत कसं करतात ते विचारून गेली. पण मृणाली... घरी आली, पाय धुतले, आणि मोठ्या माणसासारखी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. 'आई, पुढच्या शनिवारी तू येऊ नकोस.'

रागाने म्हणाली असती ना, तर मी एक धपाटा दिला असता आणि विषय संपला असता. पण शांतपणे म्हणाली हो. म्हणे, 'बाकीच्यांच्या आया बघतात. तू बघत नाहीस, तू आत येतेस. तू तिथे असलीस की मी बॉलकडे बघत नाही, तुझ्याकडे बघते. तू काय करशील ते बघते.'

आठ वर्षांची पोर! मी कणीक मळत होते, मळतच राहिले. नुसतं पाणी घालायचे, मळायचे, पाणी घालायचे... कणकेचं पिठलं झालं. मला काय वाटलं सांगू? हिला मी कुंपणाला पाठ लावून उभं राहिलेलं बघितलं होतं. आता ती आत, पोरींच्या घोळक्यात, आणि कुंपणाबाहेर कोण? मी. रडले मी, खोटं कशाला सांगू. सासूबाईंना फोन लावला, म्हटलं ह्या तरी नातीला दोन शब्द सुनावतील. तर म्हणतात, 'पोर बराबर बोली राहिनी.' आई, तुम्ही बूट पाठवणार होतात ना? तुम्ही कधी पलटलात?

मग ह्यांनी तडजोड काढली. कारखान्यात दोन पाईप जुळत नसले की हे मध्ये तुकडा टाकून वेल्ड मारतात ना, तसं. आईने यायचं. पण गाडीत बसून बघायचं. मृणालीने विचार केला आणि वर एक अट घातली. 'काच वर.' कारण आवाज येतो म्हणे माझा. मी कबूल झाले. काय करता? पोर दिसेल तरी.

पुढचा शनिवार. सगळ्या आया रेषेपाशी, कॉफी पितायत, आणि मी गाडीत, काच वर, लोणच्याच्या बरणीत ठेवल्यासारखी. श्वासाने काच पांढरी व्हायची, मी बाहीने पुसायचे. पोर पडली की मी आतल्या आत ओरडायचे, 'अगं हळू! अगं मान सांभाळ!' कोणाला ऐकू जातंय? एक गाय मात्र कुंपणापलीकडून बघत होती माझ्याकडे.

आणि मग ती पडली. नेहमीसारखीच पडली, वर चार-पाच पडल्या, त्या उठल्या... मृणाली उठली नाही. शिट्टी वाजली. सगळे थांबले. आरोहा पळत आत गेली. मला काचेतून नुसती पाठमोरी माणसं दिसतायत आणि मधे खाली काहीतरी निळं, तिच्या बनियनचा रंग. माझा हात दाराच्या कडीवर. ह्यांनी तिकडून पंजा दाखवला, थांब. थांबले. मी थांबले बायांनो! कडी घट्ट धरून मी आपली बसून. शब्द दिला होता ना पोरीला! आई शे का खांब, आई शे का खांब... तेवढंच पुटपुटत होते.

आणि आरोहा वळली आणि तिने मला हात केला. असा, अख्ख्या हाताने. ये!

कशी गेले विचारू नका. रेषा कुठे होती आणि मैदान कुठे होतं! सगळ्या पोरी बाजूला झाल्या. मृणाली बसली होती, तोंडातून रक्त, आणि हातात ती रबराची कवळी, दात सांभाळायला घालतात ना तोंडात, ती. तिने ती माझ्यासमोर धरली. कवळीत अडकलेला एक दात! एवढासा! दुधाचा! महिनाभर हलत होता तोच, समोरचा!

'आई, दात!' फटीतून शीळ घालत म्हणाली. मी तिला उचलली, चिखलासकट छातीशी धरली. तिने पण मान टाकली माझ्या खांद्यावर, सगळ्यांसमोर, लाज न बाळगता. थरथरत होती हो थोडीशी. कोणाला कळलं नसेल, मला कळलं. आजूबाजूने टाळ्या. मी म्हटलं, चल आता घरी, मीठपाण्याने चूळ भर, गरम वरणभात खा...

तिने माझ्या ओढणीला तोंड पुसलं, दात माझ्या मुठीत ठेवला, मूठ मिटून दिली आणि कानात म्हणाली, 'हरवू नको. आणि आता जा परत गाडीत. काच वर.'

गेले. काय करणार? मूठ घट्ट धरून गेले, बसले, काच वर केली. आणि पाचच मिनिटांत त्या बिनदाताच्या पोरीने बॉल काखेत मारला आणि जी सुटली, जी सुटली... एक धरायला आली, चुकवली, दुसरी आली, चुकवली, ती वासरासारखी पोरगी होती ना मागच्या वेळची, तशीच एक आली, तिलाही चुकवली आणि पलीकडे जाऊन धाडकन बॉल टेकवला! आणि मी... आता काच वर आहे, ओरडून उपयोग नाही, दार उघडायचं नाही, मग माणसाने करायचं काय? मी दोन्ही हात ठेवले हॉर्नवर! पाऽऽ! पाऽऽ! पाऽऽ! शिट्टीवाले दचकले, मैदान थांबलं, कुंपणापलीकडच्या सगळ्या गायी उधळल्या. काचेचं ठरलं होतं. हॉर्नचं कोणी काही बोललं होतं का? मग!

जिंकलो हो त्या दिवशी. पहिल्यांदा जिंकलो.

पण माझ्या निकालाचं काय? तेव्हापासून हे गाडी लावतात पार शेवटच्या झाडाखाली, तोंड रस्त्याकडे आणि पाठ मैदानाकडे. मला मागच्या सीटवर बसवतात, म्हणजे हॉर्नपर्यंत हात पोचायला नको. मागे वळून बघायचं तर मानेला लचक, म्हणून मी पुढच्या त्या छोट्या आरशात बघते मॅच. सगळं उलटं दिसतं त्यात, आपण जिंकतोय का ते जिंकतायत काही कळत नाही... पण दिसते हो पोर. एवढीशी, उलटी, चिखलाची... दिसते. घ्या, तुमचं वांगं सोलून झालं.